उडीआधी ताण: किती वेळ, किती आधी?

गेल्या अंकातल्या व्हॉलीबॉलच्या लेखात एक वाक्य होतं: 'सामन्याआधी पाय ताणून धरू नका, उडी कमी होते.' त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. ते वाक्य अपुरं होतं. त्यात किती वेळ आणि किती आधी हे सांगितलेलंच नव्हतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. पुढच्या उत्तरांत 'स्थिर ताण' म्हणजे एका जागी थांबून स्नायू ताणून धरणं. 'हलता ताण' म्हणजे पाय झुलवत, चालता-चालता वाकत सांधा त्याच्या पूर्ण टप्प्यातून फिरवणं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मुलांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावतो आणि मग गोल उभं करतो. पोटरी, मांडीची पुढची बाजू, मागची बाजू, जांघ. प्रत्येक ताण एक ते तीस मोजून, दोनदा, दोन्ही पायांना. त्यानंतर थेट नेटवर स्मॅश. नवे आलेले एक तरुण मार्गदर्शक म्हणतात, ताण बंद करा, उडी घटते. इतकी वर्षं चालत आलेलं सगळंच चूक कसं असेल?
— क्रीडाशिक्षक, मिरज

उत्तर : सर, सगळं चूक नाही. तीस अंक दोनदा मोजणं आणि त्यानंतर थेट नेटवर जाणं, एवढं बदला.

आधी आकडे पाहू. २०१६ साली कॅनडातले डेव्हिड बेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या प्रयोगांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. एका स्नायूला एकूण ६० सेकंद किंवा जास्त वेळ स्थिर ताण दिला, तर त्यानंतर लगेच घेतलेल्या ताकद, वेग, उडी अशा चाचण्यांत कामगिरी सरासरी ४.६ टक्के घसरली. ६० सेकंदांपेक्षा कमी ताण असेल तर घसरण १.१ टक्के. हलत्या ताणानंतर उलट १.३ टक्के वाढ दिसली. यातला 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा. तुमचे तीस अंक दोनदा म्हणजे बरोबर ६० सेकंद, म्हणजे मुलं नेमकी नको त्या बाजूला जातात. ४० सेंटिमीटर उडणाऱ्या मुलाची उडी ४.६ टक्क्यांनी घटली तर १.८ सेंटिमीटर गेले, १.१ टक्क्याने घटली तर अर्धा सेंटिमीटरही नाही. ही सरासरी सगळ्या प्रकारच्या चाचण्यांची आहे, त्यामुळे प्रत्येक मुलाची उडी एवढीच घटेल असं समजू नका. पण ब्लॉकवरच्या, म्हणजे नेटवर चेंडू अडवायला उंचावलेल्या, बोटांना चेंडू लागतो की वरून निघून जातो, हे दीड-दोन सेंटिमीटरवरच ठरतं.

हे का होतं, ते मुलांना करून दाखवता येईल. एकाला अर्ध्या बैठकीत दोन सेकंद थांबवा आणि तिथूनच वर उडी मारायला सांगा. मग त्यालाच सरळ उभं करा आणि झटकन दबून लगेच उडू द्या. दुसरी उडी बहुतेकांची काही सेंटिमीटर उंच जाते. झटकन दबताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू, विशेषतः टाचेमागची शीर (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी दोरी), रबरासारखी ताणली जाते आणि तो ताण उडीला परत मिळतो. बराच वेळ स्थिर ताण दिला की ही सगळी जोडणी थोडा वेळ सैल पडते. स्नायूने ओढलं तरी आधी ढिलाई भरून निघते आणि मग जोर हाडापर्यंत पोहोचतो. शिवाय मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूमही काही मिनिटं मंदावतो. हा परिणाम कायमचा नाही. मधल्या काळात नीट पळणं, झुलवणं, उड्या झाल्या तर तो जवळजवळ पुसला जातो. तुमच्याकडे मधला काळच नाही, तोटा तिथे होतो.

दुसरा तोटा सहज लक्षात येत नाही. चार स्नायू, दोन पाय, दोन वेळा, तीस सेकंद: हे झाले ४८० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं. दोन फेऱ्यांनी अंगात आलेली ऊब मुलं तेवढ्या वेळात उभ्या-उभ्या घालवतात. स्नायूचं तापमान एका अंशाने वाढलं की झटक्याच्या कामातली ताकद साधारण २ ते ५ टक्क्यांनी वाढते. ताणाने जेवढं जातं त्याच्याच तोडीची ही कमाई आहे, आणि ती हातची जाते.

आता करायचं काय, ते घड्याळ लावून सांगतो. नेटवर जाण्याआधी १२ ते १४ मिनिटं हाताशी ठेवा.

पहिली ४-५ मिनिटं हलकं पळणं. नुसत्या फेऱ्या नकोत. पुढे, उलटं, आडव्या पावलांनी, पाय आडवे टाकत, आणि मध्ये ४५ सेकंदांच्या दोरीउड्या दोनदा. कपाळावर घाम दिसायला लागला आणि मुलं बोलू शकतायत पण श्वास वाढलाय, एवढं पुरे. मुलं धापा टाकायला लागली तर वेग जास्त झाला.

पुढची ४ मिनिटं हलता ताण. लांब पाऊल टाकून गुडघ्यात खाली जायचं आणि धड पुढच्या पायाच्या बाजूला वळवायचं, दोन्ही पायांची ८-८ पावलं. भिंतीचा आधार घेऊन पाय पुढे-मागे १० वेळा, आडवा १० वेळा झुलवायचा. पहिले तीन झोके कमरेच्या खालीच ठेवायचे आणि मग उंची वाढवायची. थंड अंगाने पहिलाच झोका डोक्यापर्यंत नेणारा मुलगा मांडीची मागची शीर ओढवून घेतो. टाचांवर १० मीटर चालणं, चवड्यांवर १० मीटर. पाऊल भिंतीपासून चार बोटं दूर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला १० वेळा टेकवायचा. खांदे पुढून १०, मागून १०.

ज्या मुलाची पोटरी खरोखर आखडलेली आहे त्याने इथे एकदाच १०-१५ सेकंद ताण धरायला हरकत नाही. पोटरी मऊ असलेल्या मुलांनी तो करायची गरज नाही. सगळ्यांना एकच माप लावायची सवय सोडावी असं आम्हांला मनापासून वाटतं.

शेवटची ४-५ मिनिटं उड्या. गुडघे जवळजवळ सरळ ठेवून फक्त घोट्यातून चेंडूसारख्या १० उड्या, दोनदा. मग दबून उभ्या उड्या: तीन साधारण ७० टक्के जोराने, तीन जवळपास पूर्ण जोराने, प्रत्येकीनंतर २०-३० सेकंद विश्रांती. शेवटी चेंडूशिवाय स्मॅशच्या तीन धावा. उतरताना गुडघे आत वळतायत का तेवढं पाहा. वळत असतील तर उडीची उंची कमी करा, संख्या वाढवू नका.

व्हॉलीबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, आधी दुसरं मैदान मिळालं असेल तर दोन्ही संघांना मिळून नेटवर ६ मिनिटं मिळतात, नसेल तर १० मिनिटं. ही मिनिटं या सगळ्यानंतरची धरा. आणि एक विनंती: डावपेचांचं बोलणं वॉर्म-अपच्या आधी उरकून घ्या. १५ मिनिटं वॉर्म-अप आणि मग बाकावर बसवून १० मिनिटं सूचना, हा प्रकार जिल्हा पातळीवर सर्रास दिसतो. त्याने सगळी मेहनत थंड होते. राखीव खेळाडूंनीही दर काही गुणांनंतर वॉर्म-अपच्या जागेत उठून घोट्याच्या दहा उड्या माराव्यात. नाहीतर दुसऱ्या सेटच्या मध्यात आत बोलावलेला मुलगा पहिला ब्लॉक थंड पायांनी घालतो.

प्रश्न : मी स्वतःवर प्रयोग केला. एक दिवस २० सेकंदांचे ताण दिले, नेहमीचा वॉर्म-अप केला आणि भिंतीवर खडूने तीन उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी ताण न देता. फरक शून्य. मग हे सगळं कागदावरचंच आहे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमचा निकाल अपेक्षेप्रमाणेच आहे. २०१८ साली ऑस्ट्रेलियात अँथनी ब्लेझविच यांच्या गटाने २० खेळाडूंवर हेच पाहिलं. पूर्ण वॉर्म-अपच्या पोटात ३० सेकंदांपर्यंतचा स्थिर ताण घातला, तर उडी, धाव, चपळाई कशातच फरक पडला नाही. खेळाडूंना मात्र ताण दिला की आपण जास्त तयार आहोत असं वाटत होतं. तुम्ही २० सेकंदच ताण दिलात आणि त्यावर नेहमीचा वॉर्म-अप केलात. मग दिसण्यासारखं उरलंच काय?

पण समजा अर्धा-एक सेंटिमीटर फरक पडला असता, तरी तुमच्या पद्धतीने तो सापडला नसता. उभी उडी मोजण्याची चाचणी डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडली आणि भिंतीवर खूण करायची रीत तिच्यावरूनच आली. शाळेत ती आजही उपयोगी आहे, पण तिच्यात दोन चोरवाटा आहेत. उभं राहून हात वर करताना खांदा पूर्ण वर ढकलला नाही तर उडी फुकटात दोन सेंटिमीटर वाढते. आणि उडीच्या ऐन माथ्यावर खूण झाली नाही तर ती घटते.

तुमच्या फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन असेल तर हवेतला वेळ मोजा. फोन जमिनीलगत, पावलांच्या बाजूने ठेवा. चवडे जमीन सोडतात ते पहिलं चित्र आणि परत टेकतात ते चित्र, यांमधली चित्रं मोजून २४० ने भागा. तो वेळ सेकंदांत आला. त्याचा वर्ग करून ९.८१ ने गुणा आणि ८ ने भागा, उडी मीटरमध्ये मिळेल. १२० चित्रं म्हणजे अर्धा सेकंद, उडी ३०.७ सेंटिमीटर. १२१ चित्रं आली तर ३१.२. म्हणजे एका चित्राची चूक अर्ध्या सेंटिमीटरची. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. तिथे एका चित्राच्या चुकीने ३०.७ चे ३४.९ होतात, त्यामुळे तो या कामाचा नाही. व्हिडिओखाली दिसणाऱ्या वेळेवरही विसंबू नका. स्लो मोशन संथ करून साठवलं असेल तर ती वेळ खोटी असते, म्हणून चित्रंच मोजा.

हात कमरेवर ठेवा. उतरताना गुडघे आणि घोटे उडताना होते तितकेच सरळ हवेत. हवेत गुडघे दुमडून उतरलात तर हवेतला वेळ वाढतो आणि उडी उगाच उंच दिसते. या प्रयोगांत सगळ्यांत जास्त घात इथेच होतो.

दोन दिवसांवरून काही ठरत नाही. पहिले दोन दिवस फक्त सरावाचे समजा आणि ते आकडे टाकून द्या. पुढे किमान आठ दिवस घ्या, चार ताणाचे आणि चार बिनताणाचे. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. वेळ तीच, बूट तेच, जमीन तीच. ५ मिनिटं हलकं पळा. मग ताणाच्या दिवशी पोटरी, मांडीची पुढची आणि मागची बाजू यांना ३०-३० सेकंद दोनदा ताण द्या. बिनताणाच्या दिवशी तेवढाच वेळ उभे राहा किंवा सावकाश चाला. या वेळी मुद्दाम पुढचा वॉर्म-अप करू नका. दोन मिनिटं थांबा. पाच उड्या, मध्ये ४५-४५ सेकंद. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खुजी उडी सोडा आणि उरलेल्या तिन्हींची सरासरी लिहा. फरक दिसला की मग त्याच ताणानंतर पूर्ण वॉर्म-अप करून पुन्हा आठ दिवस मोजा. तो फरक कुठे जातो ते तुम्हांलाच दिसेल.

प्रश्न : ताण कमी केला तर दुखापती वाढणार नाहीत का?
— पालक, ठाणे

उत्तर : अनेकांची भीती हीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात १५३८ नव्या भरतीच्या जवानांवर याचा अभ्यास झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी व्यायामाआधी पायाच्या सहा स्नायूंना २०-२० सेकंद ताण दिला, निम्म्यांनी नाही. बारा आठवड्यांत दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसरीकडे 'फिफा ११+' नावाचा सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यात पळणं, ताकद, तोल आणि उडी मारून नीट उतरणं यांवर भर आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १८९२ फुटबॉलपटू मुलींच्या अभ्यासात तो तपासला, तेव्हा तो करणाऱ्यांच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. मुलाच्या गुडघ्याची काळजी असेल तर प्रशिक्षकांना विचारा, 'उतरायला कसं शिकवता?' ताण किती मोजता, हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांखालच्या गटात लांब उडी मारते. जिल्हा स्पर्धेत आठ वाजता वॉर्म-अप करायला लावतात आणि पहिली उडी साडेदहाला. सरावात मारते त्यापेक्षा स्पर्धेत नेहमी कमी. मध्ये बसून ती पाय पुढे करून अंगठे धरत राहते. ते बरोबर आहे का?
— आई, नाशिक

उत्तर : अंगठे धरून बसणं आधी थांबवा. अडीच तास थांबायचं, आणि त्यात मांडीची मागची बाजू पुनःपुन्हा ताणायची. त्याच स्नायूने तिला उडीच्या फळीवर वेगाने न्यायचं असतं. लांब उडीत टेक-ऑफचा पाय फळीवर सेकंदाच्या साधारण आठव्या भागाइतकाच टेकतो. तेवढ्यात ढिलाई भरून काढायला वेळच नाही.

वॉर्म-अपची ऊब पंधरा-वीस मिनिटं बसलं की उतरायला लागते, आणि नाशिकच्या हिवाळी सकाळी त्याहून लवकर. म्हणून आठचा वॉर्म-अप हलका ठेवा. १० मिनिटं हलकं पळणं आणि पाय झुलवणं. त्यानंतर जाड ट्रॅकपँट आणि स्वेटर चढवायचा. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालायचे नाहीत. सावलीत बसायचं, पण दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटं चालायचं. खरा वॉर्म-अप पहिल्या उडीच्या ३० मिनिटं आधी सुरू करायचा: ५ मिनिटं पळणं, ५ मिनिटं हलता ताण, मग गुडघे उंच घेत २० मीटरच्या दोन-तीन फेऱ्या, उड्या मारत चालणं, आणि ३० मीटर वेग वाढवत तीन धावा. मग स्पाइक्स घालून धावेच्या खुणेची, म्हणजे धाव जिथून सुरू करायची त्या जागेची, तपासणी. कार्यक्रम लांबला तर हे सगळं परत करायचं नाही. फक्त शेवटची पाच-सात मिनिटं परत करायची.

दोन उड्यांच्या मधल्या वेळाचाही हिशेब करा. वीस मुली असतील आणि नाव पुकारल्यावर प्रत्येकीला मिनिटभर मिळत असेल, तर तिचा क्रम वीसेक मिनिटांनी येतो. त्यातली पहिली दहा-बारा मिनिटं कपडे घालून बसावं. आपल्या आधी पाच-सहा नावं उरली की उठायचं, पाय पाच-सहा वेळा झुलवायचे, घोट्यातून दहा उड्या, १५ मीटरची एक जोरदार धाव, आणि मगच ट्रॅकपँट काढायची. पूर्ण लांबीच्या धावा मारून पाहायच्या नाहीत. तीन उड्यांनंतर पहिल्या आठ जणींना आणखी तीन मिळतात, त्यांच्यासाठी पायांत जीव राहिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. थंड अंगाने पावलं आखूड पडतात, गरम अंगाने लांब. सकाळी थंडीत मोजलेली धावेची खूण साडेदहाला अर्ध्या पावलाने चुकू शकते. मग फाऊल जाऊ नये म्हणून मुलगी शेवटची दोन पावलं बारीक करते आणि वेग तिथेच मरतो. सरावापेक्षा स्पर्धेत कमी उडी पडण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. खूण पूर्ण गरम झाल्यावरच पक्की करा. घरून पावलांनी मोजून नेऊ नका, टेप न्या.

प्रश्न : अग्निवीर भरतीची तयारी करतोय. १.६ किलोमीटर धावल्यावर ९ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा असतो. सराव करताना धावून झाल्यावर पोटरीत गोळा येतो, म्हणून बसून ताण देतो. मग उडी कमी पडते. काय करावं?
— उमेदवार, सातारा

उत्तर : ९ फूट म्हणजे २.७४ मीटर. ताज्या पायांनी ही उडी तुम्ही सहज मारत असणार. धावल्यावर अडचण येते ती थकव्याची आणि थांबण्याची.

गोळा आला असेल तर मात्र ताणच द्यायचा. तिथे उडीचा हिशेब बाजूला ठेवायचा. गुडघा सरळ ठेवा, चवडा हाताने नडगीकडे ओढा आणि गोळा सुटेपर्यंत, साधारण २०-३० सेकंद, धरून ठेवा. झटके देऊ नका. सुटला की लगेच उठा. दोन मिनिटं चाला, टाचांवर १० पावलं, चवड्यांवर १० पावलं, घोट्यातून ८ छोट्या उड्या. गोळा आला नसेल तर ताणायचं कारणच नाही. धाव संपली की बसू नका, ३-४ मिनिटं चालत राहा, मग पाय ८-८ वेळा झुलवा आणि १२-१५ मीटरची एक धाव वेग वाढवत घ्या.

खड्ड्यावर अनेक मुलं पडतात ती शेवटच्या क्षणी खाली बघतात म्हणून. पावलं अडखळतात आणि दोन पायांवर उडतात. १२-१५ मीटर धाव घ्या, एकाच पायावर उडा, नजर पलीकडच्या काठाच्या पुढे ठेवा. सरावात आठवड्यातून दोनदा पूर्ण १.६ किलोमीटर धावूनच ही उडी मारा, आणि जमिनीवर १० फुटांची रेष आखून मारा. रोज पोटरीत गोळा येत असेल तर पोटरीची ताकद कमी आहे का ते पाहा: पायरीच्या काठावर एका पायावर उभं राहून टाच वर-खाली सलग २५ वेळा करता यायला हवी.

प्रश्न : जिम्नॅस्टिक्समध्ये हवेत पूर्ण पाय फाकवून उडी मारायची असते. आम्ही स्थिर ताण सोडला तर पाय उघडणारच नाहीत. मग आम्ही काय करायचं?
— प्रशिक्षिका, डोंबिवली

उत्तर : सोडायचा नाही. जिथे सांधा शेवटच्या टोकापर्यंत उघडावा लागतो तिथे स्थिर ताण लागतोच. फक्त त्याची जागा बदला. लांब ताणांचं मुख्य काम सरावाच्या शेवटी किंवा संध्याकाळी वेगळं करा: प्रत्येक स्नायूला आठवड्याला एकूण किमान ५ मिनिटं, पाच दिवसांत वाटून. आठवडेच्या आठवडे असा ताण दिल्याने उडी घटत नाही. घसरण दिसते ती ताणानंतर लगेचच्या काही मिनिटांत. स्पर्धेच्या दिवशी पाय फाकवून पाहायचेच असतील तर लवकर पाहून घ्या, प्रत्येक बाजूला ३० सेकंदांच्या आत. त्यानंतर किमान १० मिनिटं लाथा झुलवणं, छोट्या उड्या, मग प्रत्यक्ष उड्या. मल्लखांबाच्या मुलांनाही हाच क्रम लागू पडतो.

प्रश्न : वय ४७. रोज सकाळी सहाला बॅडमिंटन. मुलाने फोम रोलर (स्नायूंवर फिरवायचा फोमचा दंडगोल) आणून दिलाय. उडी मारून स्मॅश मारण्याआधी तो वापरला तर उडी कमी होईल का? टाचेमागे सकाळी आखडल्यासारखंही वाटतं.
— वाचक, नवी मुंबई

उत्तर : रोलरने उडी कमी होत नाही. पोटरीवर ६० ते ९० सेकंद फिरवला तर घोटा थोडा जास्त वाकतो आणि ताकदीला धक्का लागत नाही. पण रोलर हा वॉर्म-अप नव्हे, त्याने अंग तापत नाही. तुमच्या वयात आणि सकाळी सहाला पहिली उडी मारण्याआधी १५ मिनिटं द्या. त्यातली पहिली ६-७ मिनिटं नुसतं चालणं आणि हलकं पळणं, आणि पहिला गेम उडीच्या स्मॅशशिवाय.

टाचेमागचं आखडणं चालल्यावर पाच-दहा मिनिटांत जात असेल, तर दोन पायांवर टाचा सावकाश वर-खाली करायच्या, १५ वेळा, तीनदा, दिवसाआड सुरू करा. खाली येताना तीन सेकंद घ्या. दुखणं दुसऱ्या दिवशी वाढलं तर संख्या निम्मी करा. ती शीर दाबल्यावर जाड लागत असेल किंवा आखडणं दिवसभर टिकत असेल, तर उडीचा स्मॅश बंद ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि खेळताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'टक्' असा आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटली असण्याची दाट शक्यता असते. तेव्हा चोळू नका, ताणू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.